अंगाएवढी जमीन

कुमुदकाकू हॉटेलच्या पॅसेजमध्ये गालिच्यावर उताण्या पडल्या होत्या आणि उपळेकर काका त्यांच्या पायाशी हात मागे बांधून उभे होते. सकाळचे सव्वासहा झाले होते. मी खालून चहाची किटली आणि कपांचा ट्रे घेऊन वर येत होतो. ट्रे तिथेच जमिनीवर ठेवला आणि धावलो.

"थांबा," काका म्हणाले. "हात लावू नका."

"अहो काका, पडल्यात त्या."

"पडलेली नाही. झोपवलीय."

काकूंनी झोपल्या झोपल्याच माझ्याकडे मान वळवली आणि कसनुशा हसल्या. पदर कमरेला खोचलेला, पायांत लोकरीचे मोजे. "सुजय, तू सगळ्यांना चहा दे बाबा," त्या म्हणाल्या. "माझं इथे बरंच चालायचंय अजून."

जयपूरचा तो पहिला मुक्काम होता. ज्येष्ठ नागरिकांची बारा दिवसांची राजस्थान सहल, चौतीस माणसं, दोन स्वयंपाकी, एक बस आणि मी. या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. मी चोवीस वर्षांचा होतो आणि टूर मॅनेजर म्हणून ही माझी दुसरीच टूर होती. पहिल्या टूरमध्ये एका बाईंची बॅग दिल्लीला राहिली, एका हॉटेलात गरम पाणी आलं नाही, आणि शेवटच्या दिवशी भरून घेतात त्या अभिप्रायाच्या फॉर्मांपैकी अकरा वाईट आले. आमच्या मालकांना सगळे दादा म्हणत. दादांनी ते अकरा फॉर्म टेबलावर एकाशेजारी एक मांडले, मला सगळे मोठ्यानं वाचायला लावले आणि म्हणाले की पुढच्या टूरला असं झालं तर तू दुसरं काहीतरी बघ. रागावले नाहीत, त्यामुळे मला जास्त भीती वाटली.

दादांचा धंद्यातला नियम एकच होता. माणूस जन्मभर घरी वाकतो, आपल्या टूरवर त्याला वाकू द्यायचं नाही. बॅग आपण उचलायची, बसच्या पायरीवर हात आपण द्यायचा, कुणी रुमाल पाडला तर तोही आपणच उचलायचा. त्यात माझा हात बसला होता. पंचाहत्तरीच्या आजीला तिच्या काखेत हात घालून, तिला कळायच्या आत बसमधून उतरवणं मला जमायचं, आणि मला त्याचा अभिमान होता.

अशा माणसाला, एक बाई जमिनीवर पडली आहे आणि तिला हात लावायचा नाही, हे झेपणं कठीणच होतं. काकांनी मला बाजूला घेऊन समजावलं. दिवाळीत ते बँकेत गेले असताना काकू न्हाणीघरात घसरून पडल्या होत्या. मार काही लागला नव्हता, पण एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, वजन थोडं जास्त, त्यामुळे त्यांना उठता येईना. काका परत येईपर्यंत दोन तास त्या ओल्या फरशीवर पडून होत्या. दोघंच राहायचे कराडला. मूलबाळ नव्हतं.

"हिला जमिनीवरून एकटीनं उठता आलं पाहिजे," काका म्हणाले. "बारा दिवसांत."

मी म्हटलं, काका, इथे फिरायला आलात, हे घरी गेल्यावर करा की. त्यावर ते म्हणाले की घरी हिला शंभर कामं असतात, शेजारणी येतात, हे राहून जातं. इथे आयतं जेवण आहे, काम काही नाही, पळून जायला जागाही नाही. हे शेवटचं ते मोठ्यानं बोलले, काकूंना ऐकू जावं म्हणून. काकू खालून म्हणाल्या, "यांनी जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या. आता मला मोजतायत."

काका भूमापक म्हणून निवृत्त झाले होते. तीसेक वर्षं गावोगाव मुक्काम, कधी चावडीत, कधी शाळेच्या ओसरीवर. त्या फिरतीत त्यांनी व्यायाम एक दिवस चुकवला नव्हता. त्यासाठी एक खाकी पिशवी होती, ती टूरवरही बरोबर आली होती. तिच्यात सायकलच्या ट्यूबच्या कापलेल्या दोन पट्ट्या, एक टेनिसचा चेंडू आणि दोन रिकाम्या बाटल्या. ट्यूब दाराच्या कडीला अडकवायची आणि ओढायची, बाटल्यांत नळाचं पाणी भरलं की वजनं तयार, चेंडू मुठीत दाबायला. व्यायामाला आखाडा लागत नाही, ते म्हणायचे, अंगाएवढी जमीन पुरते. आता ती पिशवी सगळी काकूंसाठी उघडायची. मी विचारलं, तुमचा व्यायाम कधी करता? तर म्हणाले, मी बंद केलाय. मला मनातून जरा रागच आला. स्वतः उभं राहायचं आणि बायकोला लोळवायचं.

उठण्याचे त्यांनी टप्पे पाडले होते. आधी कुशीवर वळायचं. मग कोपरावर यायचं. मग ओणवं होऊन रांगत खुर्चीपर्यंत जायचं. खुर्चीवर हात टेकायचे, एक पाय पुढे घ्यायचा आणि उठायचं. एक टप्पा पक्का झाल्याशिवाय पुढचा नाही. जयपूरला त्या कुशीवर वळायला शिकल्या, बिकानेरला कोपरावर आल्या. जैसलमेरच्या हॉटेलात पहाटेच्या थंडीत त्या खुर्चीपर्यंत रांगत गेल्या, तेव्हा काका फक्त "हं" म्हणाले, आणि काकूंनी त्या "हं"वर दिवसभर खूश राहून मला दोनदा ते सांगितलं.

हे सगळं पॅसेजमध्ये चालायचं, कारण खोलीत दोन पलंग आणि बॅगा ठेवल्या की माणूस आडवा व्हायला जागा उरत नसे. आणि पॅसेजमधून सगळे सकाळी चहाला जायचे.

शिरोडकर बाईंनी पहिली तक्रार बिकानेरला केली. बाई दादरच्या, एका मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, बोलायला लागल्या की समोरचा आपोआप सरळ उभा राहायचा. सत्तरीच्या बाईला असं जमिनीवर सरपटायला लावणं हा छळ आहे, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या दोन दिवसांत आणखी चार-पाच जणांनी मला गाठलं. कुणी म्हणालं, सकाळी सकाळी बघवत नाही. कुणी म्हणालं, काकू रडत होत्या. हे खरं होतं, काकू मधूनमधून रडायच्या. एकदा बसमध्ये मला म्हणाल्या होत्या, "अरे, मला भीती वाटते ना. हे आहेत तर मला कशाला एकटीनं उठायचंय?"

तसे काका कुणाला आवडण्यासारखे नव्हतेच. किल्ला बघायला सगळे चढून गेले की ते बसमध्ये बसून राहायचे. आमच्या स्वयंपाकी महाराजांनी मन लावून केलेलं जेवण बाजूला सारून दहीभात मागायचे, तोही दोन घास. महाराज मनाला लावून घ्यायचे. पैसे भरून रुसायला आलेत का हे, असं ते मला म्हणाले.

जैसलमेरहून निघालो त्या दुपारी दादांचा फोन आला. शिरोडकर बाईंनी थेट ऑफिसला फोन केला होता. दादा एवढंच म्हणाले, "सुजय, फॉर्म भरायला पाच दिवस राहिलेत. बघ काय ते."

मी जोधपूरला पोचेपर्यंत खिडकीतून बाहेर बघत बसलो. घरी वडिलांची नोकरी गेली होती आणि आई शेजारणींना सांगत सुटली होती की आमचा सुजय देशभर फिरतो. मला ही नोकरी हवी होती. त्या वयात मला दुसरं काही येतही नव्हतं.

जोधपूरच्या पहिल्या सकाळी मी वर गेलो तेव्हा जेवणघराबाहेरच्या पॅसेजमध्ये पंधरा-सोळा माणसं कप घेऊन उभी होती. जेवणघर अजून उघडलं नव्हतं, म्हणून सगळे तिथेच अडकले होते. आणि त्यांच्यासमोर, चार पावलांवर, काकू खुर्चीजवळ ओणव्या होत्या. काकांना या गर्दीचं काही नव्हतं. त्यांनी तीस वर्षं अख्खं गाव भोवती उभं असताना मोजणी केली होती.

"हात टेक," काका म्हणाले.

काकूंनी खुर्चीवर हात टेकले. आज नवीन टप्पा होता. काका खाली वाकले आणि पायाचं काहीतरी हळू आवाजात सांगू लागले. मला ते ऐकू आलं नाही, माझं लक्ष नव्हतं. मी समोरच्या माणसांकडे बघत होतो. कुणीही चहा पीत नव्हतं. एक आजोबा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले होते. काकूंचा श्वास सगळ्या पॅसेजमध्ये ऐकू येत होता.

"अहो, नाही होत," काकू म्हणाल्या.

"होतंय. तशीच थांब. आता वर."

खुर्ची फरशीवर करकरली. शिरोडकर बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही बघत काय उभे आहात?"

मी पुढे झालो. काकूंच्या काखेत हात घातला आणि मला येत होतं तसं, एका झटक्यात त्यांना उचलून खुर्चीत बसवलं. मागे कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवल्या. काकूंना रडू कोसळलं. माझा हात दोन्ही हातांत धरून त्या म्हणाल्या, किती रे गुणाचा तू. मग काकांकडे बघून, सगळ्यांसमोर, "मला नाही करायचं आता हे. पुरे झालं."

मला फार बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगू. बायका काकूंना घेऊन चहाला गेल्या. काकांनी पट्ट्या गुंडाळल्या, बाटल्यांतलं पाणी कुंडीत ओतलं, आणि खुर्ची उचलून जिथली होती तिथे ठेवली. ती उचलताना ते मध्ये एकदा थांबले होते. मी तेवढ्यापुरता त्यांना हात द्यायला गेलो नाही.

न्याहारीनंतर मी त्यांना बसच्या मागे गाठलं. काय बोलायचं ते पाठ करून ठेवलं होतं. इतर पर्यटकांना त्रास होतो, ऑफिसपर्यंत तक्रार गेली आहे, हे पुन्हा झालं तर तुम्हाला टूर अर्ध्यावर सोडायला सांगावं लागेल. यातलं शेवटचं मला कुणी सांगितलेलं नव्हतं, ते मी माझ्या पदरचं घातलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "आज उठली असती ती," ते म्हणाले.

"काका, लोकांना बघवत नाही."

"मग खोलीत करतो. पलंग सरकवून."

मी म्हटलं, शेजारच्या खोलीत आवाज जातो. आणि काकूंचीही इच्छा नाही, तुम्ही ऐकलंत ना.

ते मला म्हणाले, आणि हे म्हणताना त्यांनी पहिल्यांदा माझ्या खांद्यावर हात ठेवला, "सुजयराव, रोज दहा मिनिटं. पाचच दिवस. मी तुमच्याकडे दुसरं काही मागितलेलं नाही. घरी गेल्यावर वेळ मिळेलच असं नाही."

"घरी काय, निवांतच असाल की तुम्ही," मी म्हणालो.

त्यांनी हात काढून घेतला. "ठीक आहे," म्हणाले. "नाही करणार." त्यांनी शब्द पाळला. ती पिशवी मला पुन्हा दिसली नाही.

बाकीची टूर मजेत झाली. उदयपूरला काकूंना कुणी जागचं हलू देत नव्हतं. एक बाई खुर्ची आणायची, एक शाल, आणि मी तर त्यांच्यासाठी बोटीवर उचलून घ्यायला दोन नावाडी उभे केले. काकू लाडानं लहान झाल्यासारख्या झाल्या होत्या. काका एकटे जरा मागून चालायचे. शेवटच्या रात्रीच्या जेवणानंतर मी फॉर्म गोळा केले. चौतीसच्या चौतीस चांगले. काकांचा फॉर्म मी मुद्दाम वेगळा काढून, मन घट्ट करून वाचला. सगळ्या रकान्यांत उत्कृष्ट अशी खूण होती आणि खाली सुबक सरकारी अक्षरात लिहिलं होतं: मॅनेजर सर्वांची फार काळजी घेतात.

दादांनी तो फॉर्म ऑफिसच्या भिंतीवर लावला. माझी नोकरी पक्की झाली.

पुढच्या वर्षी डिसेंबरात कराडला जुन्या पर्यटकांचा मेळावा ठेवायचा ठरलं आणि आमंत्रणं करायला मला पाठवलं. उपळेकरांच्या घराला कुलूप होतं. शेजारच्या बाईंनी सांगितलं की काका तर मागेच गेले, आणि कुमुदताई गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात असतात, बोलतात छान, भेटून जा.

काकू खिडकीजवळच्या कॉटवर पडून होत्या. मला बघताच त्यांनी ओळखलं आणि आश्रमातल्या मावशींना माझ्यासाठी चहा सांगितला. निम्म्यावर आल्या होत्या. शाल छातीपर्यंत ओढलेली, खाली पाय आहेत की नाहीत असं वाटावं इतकी ती सपाट दिसत होती.

काका टूर संपल्यावर महिन्याभरात अंथरुणाला खिळले आणि मे महिन्यात गेले. पोटात सगळीकडे पसरलं होतं. "टूरला निघायच्या आधीच पुण्याच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं रे," काकू म्हणाल्या. "तीन महिने म्हणून. मला बोलले नाहीत. मी म्हणायची, एवढे पैसे घालून राजस्थानला जायचं तर हे काय घेऊन बसलाय रोज सकाळी."

चहा आला होता तो हातात धरून बसलो. खरं तर मला तेव्हाच उठून निघून जायचं होतं, पण काकू बोलत होत्या, त्यांना बरेच दिवसांनी कुणीतरी ओळखीचं भेटलं होतं.

नागपंचमीच्या दिवशी सकाळी त्या स्वयंपाकघरात पाय घसरून पडल्या. दाराला आतून कडी. फोन बाहेरच्या खोलीत वाजला, दोनदा. शेजारच्या बाई सणाला माहेरी गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी बाई परत आल्या, दार उघडेना म्हणून त्यांनी लोकांना बोलावून ते फोडलं. दीड दिवस काकू फरशीवर होत्या. हाड कुठलंच मोडलेलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले की लगेच उठल्या असत्या तर काहीच झालं नसतं. पण तेवढ्या वेळात पाठीला जखमा झाल्या, मूत्रपिंडांवर परिणाम झाला, दोन महिने दवाखान्यात गेले आणि पाय गेले ते गेलेच.

"तुम्ही हाका नाही मारल्या?" मी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

"मारल्या की. मग म्हटलं, ओरडून काय होणार, यांनी सांगितलं तसं करू." हे सांगताना त्या कॉटवर जरा उत्साहानं मान उचलून बोलायला लागल्या. "कुशीवर वळले. कोपरावर आले. ओणवी झाले, सगळं जमलं रे मला. खुर्ची समोरच होती, तिथवर गेले रांगत. हातसुद्धा टेकले वर. आणि मग पाय पुढे घ्यायचा, तर कुठला तेच आठवेना. डावा घेतला तर तोल जायचा, उजवा घेतला तर गुडघा धरायचा. किती वेळा केलं असेल, गणती नाही. त्यांनी बरोबर सांगितलं होतं, पण तेवढं आपण एकच दिवस केलं होतं ना."

बाहेर कुणीतरी भांडी घासत होतं. काकूंनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, तो मी खूप शोधला.

"तू तर अगदी जवळ होतास," त्या म्हणाल्या. "कुठला पाय सांगितला होता रे त्यांनी?"

मी डोळे मिटून आठवून पाहिलं. मला जोधपूरचा तो पॅसेज स्वच्छ दिसला. शिरोडकर बाईंचं चॉकलेटी स्वेटर दिसलं, हातांतले कप दिसले, भिंतीकडे तोंड करून उभे असलेले आजोबा दिसले, पहिली टाळी कुणी वाजवली तेही दिसलं. काकूंचे पाय मला दिसेनात.

"मला माहीत नाही, काकू," मी म्हणालो.

"असू दे," त्या म्हणाल्या. "तुला तरी किती ठिकाणी लक्ष द्यायचं असायचं."